महाडला पुन्हा आलेली माणसे



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढण्याचे ठरले, तेव्हा संपादक मंडळींनी आम्हाला सांगितले की, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा. आम्ही काही पंडित नव्हे. आमची उमेद गिरणीच्या खात्यात गेली. शाळा अर्ध्यावर सुटली. जे काही चार शब्द शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि भीमजयंतीच्या व्याख्यानांना मागे बसून शिकलो. तेव्हा भाषेत काही उणेअधिक आढळल्यास वाचकांनी गोड मानून घ्यावे.

विषय मात्र आम्ही मुद्दाम निवडला आहे. साधा माणूस शूर कशाने होतो, हा तो विषय.

हल्ली वस्तीतल्या पोरांना विचारा, तुमचा हिरो कोण? लहान पोरं सिनेमातल्या नटाचे नाव घेतात. थोडी मोठी झालेली पोरं नाक्यावरच्या फ्लेक्सवर ज्याचा फोटो सगळ्यात मोठा, त्याच्याकडे बोट दाखवतात. आणि आपण चळवळीत वाढलेली माणसं भिंतीवरच्या तसबिरींकडे बघतो. तथागत बुद्ध, क्रांतिसूर्य जोतीराव फुले, राजर्षी शाहू महाराज, परमपूज्य बाबासाहेब. ही माणसे थोर होती, यात वादच नाही. पण तसबिरीला हार घातला, मेणबत्ती लावली, की आपले काम संपले असे आपल्याला वाटू लागते. मग बैठकीत हमखास एक वाक्य ऐकू येते: "ते थोर होते म्हणून त्यांनी केलं. आपण साधी माणसं, आपल्याच्यानं काय होणार?"

हे वाक्य खरे नाही. खरे असते तर आपला इतिहास घडलाच नसता. ते दाखवण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे, आणि त्याकरिता आम्ही आपल्या सर्वांना पाठ असलेली महाडची गोष्ट घेतली आहे. फक्त या वेळी ती पुढाऱ्यांच्या बाजूने न सांगता, मागे चालत गेलेल्या माणसांच्या बाजूने सांगायची आहे.

ठराव झाला, पण तळे बंदच

आधी थोडी पूर्वपीठिका. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. सुरबानाना टिपणीस हे त्या कामी पुढे होते.

कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात काय? तीन वर्षे एकाही अस्पृश्याने तळ्यात ओंजळ बुडवली नाही. कारण कागद दप्तरात होता आणि काठी रस्त्यावर होती. त्या तळ्याचे पाणी इतर सर्व जाती पीत, दुसऱ्या धर्मांचे लोक पीत, गुरेढोरे, पाखरे पीत. बंदी होती ती फक्त आपल्या माणसांना.

महाड मुलूख तसा जागा होता. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. १८९५ साली ते महाडच्या लोकल बोर्डावर नेमले गेले. त्या भागातल्या कितीतरी घरांत पलटणीतून आलेला माणूस होता. ज्याने परमुलखात बंदूक धरली, त्याला गावात आल्यावर विहिरीपासून लांब उभे राहावे लागे. हे शल्य घराघरात होते.

त्याच मुलखातला एक मुलगा, रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३ चा. दहा-अकरा वर्षांचा असताना त्याने शिष्यवृत्ती मिळवली आणि महाडच्या इंग्रजी शाळेत गेला. अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला गेला. या पोराने काय केले? पत्र लिहून दाद मागितली. शेवटी शाळेला त्याला घ्यावे लागले, पण बसवले वर्गाच्या बाहेर. तो बाहेर बसून शिकला. पुढे १९२७ ची महाड परिषद भरवण्यासाठी गावोगाव पायपीट करणाऱ्यांत आणि बाबासाहेबांना बोलावून आणणाऱ्यांत हाच आर. बी. मोरे होता. पुढे ते मुंबईच्या कामगार चळवळीत गेले, कम्युनिस्ट झाले आणि १९७२ साली वारले. मतभेद असतील तर असू देत. पण त्या पोराच्या पत्राशिवाय महाडची गोष्ट सुरू होत नाही, असे आम्हाला वाटते.

वीस मार्च

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. किती लोक आले? कोणी अडीच-तीन हजार म्हणतात, कोणी दहा हजार लिहितात. आकडा कोणताही धरा. शेतमजूर, खोताची कुळे, पेन्शनर शिपाई, मुंबईहून रजा काढून गेलेले कामगार, असे ते लोक होते. डोंगर उतरून, खाडी ओलांडून, फडक्यात भाकरी बांधून आले.

आणि या परिषदेत पिण्याच्या पाण्याची सोय कशी केली होती? विकत घेऊन. चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घेतले होते. गावात भरलेले तळे, आणि हजारो माणसांना पाणी दाम मोजून! त्या काळचे चाळीस रुपये म्हणजे काय, ते आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होते.

परिषदेच्या अखेरीस अनंतराव चित्रे यांनी सूचना मांडली की, तळे आपल्याला खुले झालेले आहे, तर आपण सगळ्यांनी आता तळ्यावर जाऊ या. मंडप उठला. चार-चारच्या रांगा लागल्या. शिस्तीने लोक बाजारपेठेतून तळ्यावर गेले. बाबासाहेब पहिल्यांदा उतरले, त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले. त्यांच्या मागून हजारो ओंजळी त्या पाण्यात गेल्या.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल कुणीतरी उठवली. काठ्या घेऊन जमाव धावला. मंडपात जेवायला बसलेल्या, गाठोडी आवरत असलेल्या लोकांवर तो तुटून पडला. अन्न मातीत मिसळले. रस्त्यात एकटी-दुकटी सापडलेली माणसे झोडपली गेली. वीसेक माणसे जबर जखमी झाली. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला.

बाबासाहेब सरकारी बंगल्यावर होते. त्यांच्याभोवती आपली माणसे जमली. त्यांत पलटणीतून आलेली होती. १९१७ साली उभी राहिलेली आणि १९२१ साली मोडलेली महार पलटण तेव्हा लोकांच्या आठवणीत ताजी होती. या लोकांना मारामारी येत नव्हती असे नव्हे. मारामारी हा तर त्यांचा धंदाच होता. नुसता इशारा हवा होता. बाबासाहेबांनी इशारा दिला नाही. शांत राहा, कायदा हातात घेऊ नका, असे सांगितले. आणि त्या माणसांनी ऐकले.

ज्याला हात उचलता येत नाही त्याने मार खाल्ला तर ती लाचारी होय. पण ज्याला हात उचलता येतो, ज्याच्या भावाचे डोके फुटले आहे, त्याने आपला हात आपणच धरून ठेवला, तर त्याला काय म्हणाल? आम्ही त्याला शौर्य म्हणतो.

पुढे जूनमध्ये मारहाण करणाऱ्यांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. इकडे तळे 'बाटले' म्हणून शेण, गोमूत्र, दही, दूध यांचे १०८ घडे त्यात ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. दप्तरातला कागदही गेला.

मधले नऊ महिने

इथपर्यंतचा इतिहास आपण भाषणांत ऐकतो. मार्च झाला की वक्ता एकदम डिसेंबरवर उडी मारतो, मनुस्मृती दहनावर येतो. मधल्या नऊ महिन्यांबद्दल फारसे कुणी बोलत नाही. आम्हाला मात्र वाटते की साध्या माणसाची खरी परीक्षा त्या नऊ महिन्यांत झाली.

विचार करा. २१ मार्चला ही माणसे परत कुठे गेली? आपापल्या गावी. परिषदेत हजारो होते. गावात आपली घरे किती? दहा, पंधरा, फार तर वीस. गावाला कळलेले होते की हे महाडला जाऊन पाणी पिऊन आले. त्यातून परिषदेत ठरले होते की मेलेले जनावर ओढायचे नाही, मेलेल्या जनावराचे मांस खायचे नाही, शिळेपाके मागायचे नाही. हे ठरवणे सोपे. गावात राहून पाळणे म्हणजे गावाशी उघड वैर.

त्या काळी महाराचे पोट कशावर चाले, ते नव्या पोरांना सांगायला हवे. एक म्हणजे वतन. गावकीची आणि सरकारची कामे रात्रंदिवस करायची. बदल्यात थोडी वतनी जमीन आणि सुगीला बलुते. कोकणात त्यावर आणखी खोत. जमीन खोताची, आपण कूळ. खोताने मनात आणले तर पेरलेले शेत सोडावे लागे. वाणी म्हणाला, मीठ-तेल देत नाही, तर चूल थंड. गावाने रान बंद केले तर लाकूडफाटा नाही. बहिष्कार म्हणजे हे. त्यात कुणी काठी मारत नाही, कुणाचे डोके फुटत नाही, वर्तमानपत्रात बातमी येत नाही. रोज सकाळी उठल्यावर पोरांना काय घालायचे, एवढाच प्रश्न असतो.

त्या वर्षी तो गावोगावी झाला. ३ एप्रिल १९२७ पासून बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले, ते याच कारणाने. आपल्या लोकांवर काय गुदरते हे सांगायला स्वतःचे पत्र हवे होते. वतनाच्या बेडीवर घाव घालणारे बिल त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी कौन्सिलात आणले, आणि खोती बंद करण्याचे बिल १९३७ साली. वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे गावातल्या माणसाला तीस वर्षे वाट पाहावी लागली. तोवर त्याने काय केले? कुणी मुंबई गाठली. गोदीत, गिरणीत, रेल्वेत शिरला आणि मनीऑर्डर धाडली. त्या मनीऑर्डरीवर गावातले घर ताठ राहिले.

मुंबईत तरी काय होते? गिरणीत आपल्या माणसांना त्रासनखात्यात आणि साफसफाईला घेत, पण विणकाम खात्यात नाही. साच्याच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा दुसऱ्याने कसा तोंडात घ्यायचा? आणि साच्यावर तर पगार जास्त. पाण्याचे माठ वेगळे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही गोष्ट पुढे आणली आणि विणकाम खाते सर्वांना खुले करा, ही मागणी लावून धरली. म्हणजे महाडचे तळे मुंबईतही होते. आमच्या आधीच्या पिढीने ते खात्याखात्यातून ओलांडले, तेव्हा आमच्यासारखे साच्यावर उभे राहिले.

डिसेंबर

आता लेखाच्या मुख्य मुद्द्यावर येतो. बाबासाहेबांनी जाहीर केले की २५ डिसेंबर १९२७ पासून महाडला पुन्हा परिषद आणि या वेळी सत्याग्रह. ज्यांनी मार्चमध्ये मार खाल्ला, मधले नऊ महिने गावाचा जाच सोसला, त्यांना पुन्हा बोलावणे आले.

मार्चमध्ये लोक आले ते परिषद म्हणून आले होते. काठ्या पडतील, अन्न मातीत जाईल, याची कल्पना फारशी कुणाला नसावी. डिसेंबरमध्ये जो आला त्याला सगळे ठाऊक होते. किंमत काय पडते, हे त्याच्या पाठीवर लिहिलेले होते. घरातून निघताना बायकोने विचारलेच असेल, "पुन्हा चाललात?"

आणि तरी ते आले. परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. महाडचे व्यापारी माल देईनात, म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरले तेव्हा तिथे हजारो लोक वाट बघत उभे होते. तिथून महाड पाच मैल. घोषणा देत सगळे चालत गेले. २५ तारखेला रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडला सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते.

दरम्यान विरोधकांनी कोर्टात दावा लावून १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळवलेला होता. तरीही सत्याग्रहासाठी नावे द्या म्हटल्यावर ३,८८४ जणांनी नावे नोंदवली. तुरुंगात जाऊ, मार खाऊ, पण तळ्यावर जाऊ, असे सांगून नाव दिले. ज्याला लिहिता येत नव्हते त्यानेही दिले. सरकारचा कलेक्टर येऊन समजावून गेला, तरी लोक हटेनात.

मग बाबासाहेबांनी सांगितले की, सत्याग्रह तहकूब करायचा. दावा कोर्टात आहे, आपली बाजू न्यायाची आहे, कोर्टाचा हुकूम मोडून सरकारला आपल्या अंगावर घेण्यात शहाणपण नाही. हे ऐकायला किती कठीण गेले असेल! जिवावर उदार होऊन आलेल्या माणसाला 'आता परत जा' म्हणणे, आणि त्याने ते ऐकणे. २७ तारखेला हजारोंची मिरवणूक निघाली. तळ्याला वेढा घालून गेली. पाणी हाताच्या अंतरावर होते. कुणीही ओंजळ बुडवली नाही.

मार्चमध्ये ते पाणी पिणे हे शौर्य होते. डिसेंबरमध्ये ते पाणी न पिता परत फिरणे हे त्याहून मोठे शौर्य होते, असे आमचे मत आहे.

त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब आपल्या आयाबहिणींशी बोलले. लुगडे कसे नेसावे, ज्या दागिन्यांवरून जात ओळखू येते ते कशाला घालावेत, मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका, मुलामुलींना शाळेत घाला, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी कित्येक बायांनी लुगडे घोट्यापर्यंत नेसले. आज आपल्याला ही बाब किरकोळ वाटेल. पण त्या लुगड्यात त्या आपल्या गावात परत गेल्या आणि गावाच्या डोळ्यांपुढून रोज पाणवठ्यावर गेल्या. कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी मिळायचे, त्या पाणवठ्यावर! त्यांच्यासाठी ना मिरवणूक होती, ना घोषणा. चुलीवर काय शिजेल आणि काय शिजणार नाही, हे त्यांनी ठरवले. पुरुषांनी महाडला केलेला ठराव बायांनी चुलीपाशी अमलात आणला.

आणि कोर्ट? ८ जून १९३१ रोजी खालच्या कोर्टात दावा आपल्या बाजूने लागला. ते लोक अपिलात गेले. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याला हरले. हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टानेही त्यांचे अपील फेटाळले, कारण अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

मग शूर कोण?

आता आमच्या अल्पमतीप्रमाणे या सगळ्याचा अर्थ सांगतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दहा पारमितांचे पालन करण्याची एक आहे. आपण पारमिता म्हणजे भिक्खूंचा विषय समजतो. पण त्यांतल्या तीन महाडच्या माणसांत सरळ दिसतात.

पहिली वीर्य. वीर्य म्हणजे पाऊल उचलणे, यत्न. त्या पोराने पत्र लिहिले, ते वीर्य. शेतमजूर भाकरी बांधून निघाला, ते वीर्य. दुसरी खंती, म्हणजे क्षमाशीलता. मार बसला तरी द्वेषाने हात न उचलणे. तिसरी अधिष्ठान, म्हणजे ठरवलेल्या गोष्टीवर पक्के राहणे. मार खाल्ला, बहिष्कार सोसला, दप्तरातला ठरावही गेला, तरी डिसेंबरमध्ये पुन्हा येऊन नाव देणे. जोरात येऊन एकदा पाऊल टाकणारे पुष्कळ असतात. सिनेमातल्या हिरोचे सगळे शौर्य तीन तासांत आटपते. साधा माणूस शूर ठरतो तो किंमत कळल्यावर पुन्हा जातो म्हणून.

कुणी म्हणेल, हे सगळे बाबासाहेब होते म्हणून झाले. अर्थात. पहिली ओंजळ त्यांची. पण मागे एकही ओंजळ नसती तर? एक माणूस तळ्यावर गेला असता, मार खाऊन परत आला असता आणि इतिहासात एक ओळही उरली नसती. आणि उलटही खरे. गावात एकट्याने विहिरीवर हात लावणाऱ्याचे काय होत होते, ते आपल्याला ठाऊक आहे. साध्या माणसाला शूर व्हायला शेजारी लागतो. 'तू निघालास तर मीही येतो' म्हणणारा लागतो. आपण रोज संघाला शरण जातो, त्याचा एक अर्थ हाही आहे, असे आम्ही मानतो.

आणखी एक. ज्या घरांनी त्या दिवशी जखमींना आत घेऊन दार लावले, ज्या फत्तेखानांनी जागा दिली, ज्या चित्रे, टिपणीस, सहस्रबुद्धे यांनी आपल्या जातीचा रोष ओढवून घेतला, तेही आपलेच. शौर्याला जात नसते.

आपल्या वस्तीतले ३,८८४

हे सगळे विहाराच्या स्मरणिकेत कशासाठी लिहिले? कारण आपली वस्तीही अशा माणसांनी भरलेली आहे, आणि आपण त्यांच्याकडे बघत नाही.

अत्याचार झाला की आपण मोर्चा काढतो. चांगले आहे. मोर्चाला हजार माणसे येतात. पण १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली खटला उभा राहिला, की वर्षानुवर्षे तारखा पडतात. रोजगार बुडवून, गावातल्या धमक्या ऐकून, प्रत्येक तारखेला कोर्टाच्या बाकावर जाऊन बसणारा साक्षीदार एकटा असतो. तो डिसेंबरला पुन्हा आलेला माणूस आहे. त्याच्यासोबत त्या तारखेला आपल्यातले किती जण जातात? तो फुटला तर आपण त्याला नावे ठेवतो. तो टिकावा म्हणून शेजारी बसत नाही.

चार घरची धुणीभांडी करून लेकीला नर्सिंगला घालणारी बाई. दारू सोडलेला आणि रोज संध्याकाळी त्याच गुत्त्यावरून मान खाली न घालता जाणारा भाऊ. १९८२ च्या संपात, १८ जानेवारीपासून, पगार बंद झाल्यावर खानावळ चालवून, पापड लाटून घर तगवणाऱ्या आपल्या आया. यांचे फ्लेक्स कधी लागले नाहीत, आणि त्यांना ते नकोही आहेत. पण त्यांची गोष्ट पोरांना कळली पाहिजे. नाहीतर पोरं हिरो शोधायला नाक्यावर जाणारच.

महाडला नाव दिलेल्या त्या ३,८८४ माणसांपैकी आज आपल्याला किती नावे सांगता येतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत. कितीतरी घरांना ठाऊकच नाही की आपला पणजोबा त्या रांगेत होता. म्हातारी माणसे गेली, त्यांच्याबरोबर ते गेले. २०२७ हे महाडचे शताब्दी वर्ष. त्या निमित्ताने मोठे सोहळे होतील, मोठी भाषणे होतील. आपला विहार लहान आहे. आपण एक लहान काम करू शकतो.

विहारात एक जाड वही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. दर रविवारी वंदनेनंतर एका कुटुंबाने उभे राहून आपल्या घरातल्या एका माणसाबद्दल सांगावे. तो पुढारी नसला तरी चालेल. त्याने एकदा मार खाऊन, नुकसान सोसून, हसे करून घेऊनही कोणती गोष्ट पुन्हा केली, तेवढेच सांगावे. गावातून मुंबईला पहिला कोण आला, घरातली पहिली शाळेत कोण गेली, १९५६ नंतर देव्हाऱ्यातले देव कुणी बाहेर काढले आणि भाऊबंदांनी वाळीत टाकल्यावर कोण डगमगले नाही. शिकलेल्या पोरापोरींनी ते लिहून घ्यावे. नाव, गाव, साल आणि काय केले. एवढे पुरे.

ती वही भरत आली की पुढच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेला लेख कुणाकडे मागायचा, हा प्रश्न संपादक मंडळींना पडणार नाही. आणि 'आपण साधी माणसं, आपल्याच्यानं काय होणार?' असे बैठकीत कुणी म्हटले, तर वही त्याच्यापुढे ठेवावी आणि त्याच्याच आजीचे पान उघडून द्यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!